न्यूयॉर्कचं ९/११ म्युझियम: ‘आधी काय झालं’ तो भाग घाईत उरकू नका

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढं येईलच, खरं तर त्याच्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

या म्युझियमचे रिव्ह्यू ढीगभर आहेत आणि सगळे जवळपास एकच सांगतात, रडू येतं, टिशू घेऊन जा, दोन-तीन तास हाताशी ठेवा. सगळं खरं आहे. पण आपल्याकडून आई-बाबा, मामा-मावशी येतात, आपण त्यांना लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि हे असं एका दमात दाखवून टाकतो, आणि बाहेर पडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. माझ्या मामांनी पण तोच विचारला, "अरे हे सगळं बघितलं, पण ही माणसं आली कुठून? यांना नक्की पाहिजे तरी काय होतं?" याचं उत्तर म्युझियममध्ये आहे, फक्त ते एका बाजूच्या भागात आहे आणि तिथं पोचेपर्यंत माणूस आतून इतका पिळवटून निघालेला असतो की उभं राहून वाचायचं त्राणच उरत नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी कामाचं सांगतो. न्यू जर्सीकडून येणार असाल तर गाडी काढूच नका, पाथ ट्रेन थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर स्टेशनला सोडते, वर आलात की चालत काही मिनिटांवर. वरचं मेमोरियल म्हणजे ते दोन मोठे चौकोनी तलाव, ते फ्री आहे, तिकीट फक्त खालच्या म्युझियमचं. तिकीट माणशी तीस डॉलरच्या वर जातं, चार जणांचं कुटुंब म्हणजे चांगलीच रक्कम होते, पण सोमवारी संध्याकाळची ठरावीक फ्री तिकिटं ऑनलाइन सोडतात, ती पकडायला सकाळी सकाळी फोन घेऊन बसावं लागतं. मंगळवारी बहुतेक वेळा बंद असतं, वेबसाइट बघूनच निघा. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते, मोठी बॅग घरीच ठेवा. मुख्य प्रदर्शनात फोटो काढायला बंदी आहे आणि ते बरंच आहे.

वरच्या तलावांपाशी एक गोष्ट नक्की शोधा. कडेच्या ब्राँझच्या पट्ट्यांवर एकूण २,९८३ नावं कोरलेली आहेत, त्यातली २,९७७ ही ११ सप्टेंबर २००१ची आणि ६ नावं २६ फेब्रुवारी १९९३ची. ही ६ नावं उत्तरेकडच्या तलावावर आहेत, आणि त्यातल्या एका बाईच्या नावाला जोडून ‘आणि तिचं न जन्मलेलं बाळ’ असं कोरलंय. बोटांनी अक्षरं चाचपडत वाचली तेव्हा मामी तिथंच थांबल्या, पुढं येईनात. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात पांढरं गुलाब खोचलेलं असतं. १९९३ला याच टॉवरखाली बॉम्ब फुटला होता हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहितीच नसतं. मुंबईत राहिलेल्या माणसाला ती तारीख जास्तच टोचते कारण त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १२ मार्चला, आपल्याकडे साखळी स्फोट झाले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, कट करणारे वेगळे, कारणं वेगळी, पण त्या नावांपाशी उभं राहिल्यावर डोक्यात येतंच.

खाली उतरायचा उतार लांब आहे, जमिनीखाली साधारण ७० फूट, थेट खडकापर्यंत. हडसन नदीचं पाणी अडवून धरणारी ती मूळची भिंत अजून तशीच उभी आहे, तिच्यासमोर ३६ फुटी ‘शेवटचा खांब’, त्याच्यावर ढिगारा उपसणाऱ्यांनी चिकटवलेले फोटो, लिहिलेले नंबर, निरोप. चेमटलेला फायर ब्रिगेडचा ट्रक. मग त्या दिवसाचा भाग येतो, मिनिटामिनिटाचा हिशोब, घरी केलेले फोन, आन्सरिंग मशीनवरचे आवाज. यावर मी जास्त लिहीत नाही, ते तुम्ही स्वतः ऐका. मधून बाहेर पडायला दारं ठेवलीयत, नको वाटलं तर निघा, कोणी काही म्हणत नाही. या सगळ्याला पाचपैकी पाच, मांडणीत कुठंही भडकपणा नाही.

आता मुद्द्याचं. मुख्य प्रदर्शनाचे तीन भाग आहेत, तो दिवस, त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. क्रम असाच आहे, म्हणजे ‘आधीचं’ हे दिवस बघून झाल्यावर येतं. त्यात टॉवर कसे उभे राहिले, सिनेमात आणि पोस्टकार्डांवर कसे दिसायचे, १९९३चा स्फोट, आणि अल-कायदा कशी जन्मली आणि वाढली हे सगळं आहे. अल-कायदाच्या उदयावर एक सात मिनिटांच्या आसपासची फिल्म आहे. बहुतेक लोक थकलेल्या पायांनी इथून सरळ पुढं जातात. मी मामांना तिथं थांबवलं आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, ते इथं पण लिहितो, कारण हे डोक्यात असलं की तिथल्या भिंतींवरचं नीट लागतं.

डिसेंबर १९७९ला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि अरब देशांतून तरुण पोरं लढायला म्हणून पेशावरला यायला लागली. आता यांना उतरवायचं कुठं, खायला कोण घालणार, सीमेपार कोण नेणार? हे काम अब्दुल्ला अज्जाम नावाच्या पॅलेस्टिनी धर्मपंडिताने अंगावर घेतलं. १९८४ला त्याने पेशावरात एक सेवा कार्यालय काढलं, मक्तब अल-खिदमत, आणि पैसा पुरवला ओसामा बिन लादेनने, सौदीतल्या सगळ्यात मोठ्या बांधकाम कंपनीवाल्याचा मुलगा, तेव्हा वय सत्तावीसच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला हे गेस्ट हाउस, वर्गणी, मासिक आणि भरती असलं काम होतं. लढाई मुख्यतः अफगाणांनीच लढली, अरब त्या मानाने मूठभर, पण १९८७ला अफगाणिस्तानातल्या जाजी या ठिकाणी त्यांनी सोव्हिएत सैन्यापुढं टिकाव धरला आणि त्याच्या कहाण्या अरब जगात इतक्या पसरल्या की पोरांची रीघ लागली. कहाणी लढाईपेक्षा मोठी झाली, आणि पुढं ही संघटना कायम तशीच वाढत गेली.

इथंच मामांनी व्हॉट्सॲपवरचं ते नेहमीचं वाक्य टाकलं, "ओसामाला अमेरिकेनेच तयार केला ना." हे इतकं सरळ नाहीये. अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत अफगाण मुजाहिदीन गटांना गेली, भरपूर गेली, यात वादच नाही. अरबांची ही लाइन मात्र वेगळी होती, त्यांची स्वतःची वर्गणी, स्वतःचे श्रीमंत देणगीदार. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या ९/११ आयोगानेही हेच लिहिलंय की बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांना अमेरिकेकडून मदत मिळाली असलीच तर नगण्य. अमेरिकेची चूक दुसरीच होती आणि ती मोठी होती. फेब्रुवारी १९८९ला सोव्हिएत फौजा परत गेल्या, त्यानंतर त्या भागात काय शिजतंय याच्याकडे वॉशिंग्टनने पाठ फिरवली.

तोपर्यंत गोष्ट पुढं गेलेली. ऑगस्ट १९८८ला पेशावरात काही बैठका झाल्या, युद्ध संपत आलंय तर ही तयार झालेली माणसं घरी पाठवायची का एकत्र ठेवायची यावर. एकत्र ठेवायची ठरलं, आणि अल-कायदा तिथं जन्मली. या बैठकांची टिपणं २००२ला बोस्नियात सारायेव्होला एका छाप्यात सापडली, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो तो त्यांच्या साधेपणामुळे. सदस्य व्हायच्या अटी काय, तर आज्ञापालन, चांगली वागणूक, विश्वासातल्या कुणाची तरी शिफारस. पुढच्या कागदपत्रांत तर लग्न झालेल्याला पगार किती, एकट्याला किती, रजा किती दिवस, अर्ज कधी करायचा, सगळं लिहिलेलं. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त असावं तसं. माझं म्हणणं असं की हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. डोकं फिरलेल्या चार माणसांचा उद्योग म्हणून बघितलं की ही टिकली कशी हे कळतच नाही, हे शिस्तीत, नियम करून, फाइली ठेवून बांधलेलं काम होतं.

अज्जाम नोव्हेंबर १९८९ला पेशावरातच बॉम्बमध्ये मारला गेला, दोन मुलांसकट. कोणी मारलं ते आजवर सिद्ध झालेलं नाही. त्याच्या जाण्याने बिन लादेनच्या आजूबाजूला इजिप्शियन गट आणखी घट्ट झाला, त्यांचा मुख्य माणूस अयमन अल-जवाहिरी, पेशाने सर्जन, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या हत्येनंतर तिथल्या तुरुंगात राहून आलेला. मग ऑगस्ट १९९०ला सद्दामने कुवेत गिळलं. बिन लादेनने सौदी राजघराण्याला सांगितलं की माझी माणसं देशाचं रक्षण करतील, त्यांनी ते झिडकारून अमेरिकन सैन्य बोलावलं. इथून त्याचा सगळा राग अमेरिकेकडे वळत गेला. मामांचा जो प्रश्न होता ना, यांना पाहिजे काय होतं, त्याचं उत्तर इथं आहे. मूळ भांडण आपापल्या देशातल्या सरकारांशी, सौदी, इजिप्त वगैरे. ती सरकारं पडत नाहीत कारण मागं अमेरिका उभी आहे, मग अमेरिकेलाच एवढं दुखवायचं की ती या भागातून निघून जाईल, असा तो हिशोब. चुकीचा ठरला, पण हिशोब होता.

मग काही वर्षं सुदानमध्ये. तिथं रस्ते बांधले, शेती केली, कंपन्या काढल्या. तिथलाच एक गडी, जमाल अल-फदल, याची तक्रार ही की इजिप्शियन लोकांना आपल्यापेक्षा जास्त पगार. त्याने संघटनेचे लाखभर डॉलर ढापले, पकडला गेला आणि १९९६ला सरळ अमेरिकन वकिलातीत जाऊन उभा राहिला. अमेरिकेला संघटनेची आतली रचना पहिल्यांदा नीट समजली ती या माणसाकडून. त्याच वर्षी सुदानने बिन लादेनला बाहेर काढलं, तो अफगाणिस्तानात परत आला, आणि फेब्रुवारी १९९८ला त्याने आणि जवाहिरीने मिळून फतवा काढला, अमेरिकन दिसेल तिथं मारा, सैनिक असो की साधा नागरिक. सहा महिन्यांत, ७ ऑगस्टला, नैरोबी आणि दार-एस-सलाम इथल्या अमेरिकन वकिलातींवर ट्रकबॉम्ब. २२४ लोक गेले, आणि त्यात अमेरिकन फक्त १२. बाकी बहुतेक केनियातली साधी माणसं, ऑफिसात आलेली, बसमध्ये बसलेली. मला स्वतःला त्या नावांसाठी फार वाईट वाटतं, जग त्यांना पार विसरलंय. ऑक्टोबर २०००ला येमेनमधल्या एडनच्या बंदरात कोल नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवर छोट्या बोटीतून हल्ला, १७ नौसैनिक ठार. २००१च्या आधी एवढं सगळं उघड्यावर घडलेलं आहे.

१९९३चा स्फोट मात्र थेट अल-कायदाचा म्हणता येत नाही, इथं बरेच जण गल्लत करतात. तो रमझी युसूफ नावाच्या माणसाचा कट, पण मंडळी त्याच वर्तुळातली. अज्जामच्या कार्यालयाची एक शाखा ब्रुकलिनमध्ये अटलांटिक ॲव्हेन्यूवर होती, ‘आंधळा शेख’ म्हणून ओळखला जाणारा इजिप्शियन मौलवी उमर अब्दुल रहमान ब्रुकलिनला आणि जर्सी सिटीला भाषणं द्यायचा, आणि बॉम्ब बनला जर्सी सिटीतल्या एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. म्हणजे जर्नल स्क्वेअरला आपण जिथं वाणसामान आणि चाट खायला जातो त्याच शहरात. कटातला एक जण, बॉम्बसाठी भाड्याने घेतलेली व्हॅन चोरीला गेली असं सांगून, स्फोटानंतर ४०० डॉलर डिपॉझिट परत मागायला गेला आणि तिथंच पकडला गेला. या प्रकारावर तेव्हा लोक हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यातच धोका दिसायचा राहून गेला. युसूफचा मामा खालिद शेख मोहम्मद. याच मामाने पुढं विमानांची कल्पना बिन लादेनपुढं मांडली.

आता त्या फिल्मबद्दल. म्युझियम मे २०१४ला उघडलं त्याच्या आधीच हिच्यावरून मोठा वाद झाला होता. म्युझियमनेच नेमलेल्या सर्वधर्मीय सल्लागार गटाने ती बघून आक्षेप घेतला की ज्याला फारसं माहिती नाही तो बघणारा अल-कायदा आणि सर्वसाधारण मुसलमान यांच्यात फरकच करणार नाही. एका इमामांनी राजीनामाही दिला. म्युझियम म्हणालं फिल्म बरोबर आहे आणि ती तशीच ठेवली. मी ती नीट बघितली, तथ्यांत मला खोट सापडली नाही, आणि तरी आक्षेप मला पटतो. वीस-बावीस वर्षांची वळणं सात मिनिटांत कोंबली की कोण कुणाशी भांडत होतं, कुठल्या मौलवींनी विरोध केला, मेलेल्यांत मुसलमान किती होते हे सगळं गळून पडतं आणि बघणाऱ्याच्या डोक्यात दाढी, बंदूक आणि धर्म एवढंच उरतं. याचा त्रास कुणाला होतो ते आपल्याला चांगलं माहितीये. १५ सप्टेंबर २००१ला ॲरिझोनात मेसा गावी पेट्रोल पंप चालवणाऱ्या बलबीर सिंग सोढींना गोळ्या घातल्या, का तर पगडी आणि दाढी. तो काळ इथं काढलेली आपली माणसं आजही सांगतात की महिनोन् महिने बायका एकट्या बाहेर पडायला घाबरायच्या. तर ज्या विषयात अर्धवट माहितीने माणसं मेलीत त्याला सात मिनिटं कमी आहेत. माझा अर्धा स्टार गेला तो इथं. हे स्मारक मुळात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी आहे, मारणाऱ्यांना जास्त जागा द्यायची नाही ही त्यांची भावना मी समजू शकतो, तरीही.

‘नंतरच्या’ भागात एक वस्तू बघाच. पाकिस्तानात अबोटाबादला ज्या घरात २ मे २०११ला बिन लादेन मारला गेला त्या घराची एक वीट. साधी, कडा झिजलेली, आपल्याकडच्या भट्टीत भाजलेली असते तसलीच. मामा तिच्यासमोर बराच वेळ उभे होते.

पण म्युझियम २००१च्या भोवती बांधलेलं आहे, त्यामुळे संघटनेचं पुढं काय झालं ते तुम्हाला स्वतः जोडून घ्यावं लागतं. अमेरिकेने अफगाणिस्तानातला तळ उखडला, तेव्हा अल-कायदा दुसऱ्या देशांतल्या गटांना आपलं नाव वाटायला लागली. इराकमध्ये जॉर्डनच्या अबू मुसाब अल-जरकावीने २००४ला निष्ठेची शपथ घेतली आणि शियांच्या बाजारांत, मशिदींत इतकं रक्त सांडलं की खुद्द जवाहिरीने पत्र लिहून त्याला आवर म्हणून सांगितलं. २००७ला अल्जीरियाचा गट आला, २००९ला येमेनची शाखा, २०१२ला सोमालियाची अल-शबाब. जरकावी २००६ला मेला पण त्याचं दुकान चालूच राहिलं, त्यातूनच इसिस निघाली, आणि फेब्रुवारी २०१४ला अल-कायदाने तिच्याशी संबंध तोडले. तारखा जुळवून बघा, म्युझियम लोकांसाठी उघडलं २१ मे २०१४ला आणि १० जूनला इराकमधलं मोसुल इसिसच्या हातात गेलं. उद्घाटनाची भाषणं ताजी असताना त्याच झाडाची फांदी एक अख्खं शहर घेत होती.

तिसरी वाट सीरियाची. तिथल्या शाखेचा प्रमुख अबू मोहम्मद अल-जोलानी, याने २०१६ला अल-कायदापासून फारकत जाहीर केली, नाव बदललं, आणि डिसेंबर २०२४ला असदचं सरकार पाडून दमास्कसमध्ये आला. आज तो सूट-टाय घालून अहमद अल-शरा या नावाने सीरियाचा राष्ट्राध्यक्ष आहे. जवाहिरी ३१ जुलै २०२२ला काबूलमध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला, तालिबानच्या राजधानीत, घराच्या बाल्कनीत. आणि संघटनेचा जोर आज कुठं असेल तर माली, बुर्किना फासो, सोमालियाकडे, जिथल्या बातम्या आपल्या टीव्हीवर येतच नाहीत. हे सगळं बघितल्यावर "संपली का मग ती?" या मामांच्या पुढच्या प्रश्नाला मी नाही म्हणालो.

तर जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला एवढाच. सकाळची पहिली वेळ घ्या. त्या दिवसाचा भाग बघून झाला की बाकावर दहा मिनिटं शांत बसा, पाणी प्या, मग ‘आधीच्या’ भागात जा आणि फिल्म एकदा बघून भिंतीवरचा मजकूर पूर्ण वाचा, १९९३चा कोपरा तर नक्कीच. ज्येष्ठ मंडळींना इंग्रजी मजकूर जड जात असेल तर सोबत कुणीतरी समजावून सांगणारं पाहिजे, नाहीतर हा भाग त्यांच्यासाठी वाया जातो. दहा वर्षांखालची मुलं असतील तर मुख्य प्रदर्शन त्यांच्यासाठी योग्य नाही असं म्युझियमच सांगतं, तेव्हा एकाने मुलांना घेऊन वर तलावांपाशी थांबा आणि आळीपाळीने आत जा. आणि जुन्या पोस्ट वाचून जवळचं ट्रिब्यूट म्युझियम शोधत फिरू नका, ते २०२२लाच बंद झालंय.